बुडायला तयार नसलेली वाटी

"भटजीबाबा, वाटी बुडत न्हाई," साळू म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. मांडवात चार जण एकदम ओरडत असल्यासारखं वाटत होतं आणि त्यातले तीन आवाज लग्नाची सगळी व्यवस्था बघणाऱ्या एकट्या आनंदरावमामांचे होते.

भोरच्या शाळेला सुटी लागल्यामुळे साळू आणि तिचा चुलतभाऊ ज्ञानू वेल्ह्याला आले होते. साळूच्या थोरल्या बहिणीचं, फुलाचं लग्न होतं. साळूकडे काम एकच: घटकेच्या वाटीवर नजर ठेवणं. घंगाळात पाणी, पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाणी शिरून ती बुडाली की मुहूर्त आला. वाटी मात्र मघापासून बदकासारखी मजेत फिरत होती.

ज्ञानूने घंगाळात डोकं घातलं. "साळे, ही पांढरी कशी गं? काल तर तांब्याची हुती."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काल कल्हईवाला आला होता.

त्यांनी मामांना गाठलं. मामांनी अभिमानाने सांगितलं की भटजींच्या गाठोड्यातली ती वाटी गळकी निघाली. लग्नघरात गळकं भांडं शोभत नाही, म्हणून भोक बुजवून घेतलं, वर कल्हईही करून घेतली. हे ऐकून भटजी खाली बसले. खाली पाट नव्हता, तरी बसले.

मग खरा गोंधळ उडाला. आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. शिवऱ्याहून आलेल्या वऱ्हाडाचे पुढारी म्हणजे नवरदेवाचे काका मानसिंग. त्यांच्या खिशात घड्याळ होतं, पण शिवरं सोडल्यापासून त्यात बाराच वाजलेले होते. मुहूर्त टळला असेल तर आपण पोराला बोहल्यावर उभं करणार नाही, असं सांगून त्यांनी बैल जुंपायला माणूस पाठवला. पुढचा मुहूर्त थेट दिवाळीनंतर. साळूचे वडील कुंडलिक नुसते फेटा काढत होते आणि पुन्हा बांधत होते. आत फुला मुंडावळ्यांसकट रडत होती.

साळू आधी तांब्याभर पाणी प्यायली. मग तिने विचारलं, "भटजीबाबा, मुहूर्त कंचा धरलाय?"

"गोरज. गाई रानातून परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती वेळ."

"मग वाटीला कशाला इचारायचं? गाईंनाच इचारू."

सगळ्यांच्या माना रानाच्या वाटेकडे वळल्या. मग मामांनीच खुलासा केला की पाहुण्यांच्या गर्दीत नको, म्हणून गावातली जनावरं त्यांनी सकाळपासून गोठ्यात बांधून ठेवली आहेत.

"आमची न्हाईत बांधली," मागून आवाज आला. वरच्या वाडीतल्या म्हादू धनगराचा बिरू जेवायला आला होता. "आमच्या गाई तोरण्याच्या अंगाला हायेत. वासरं घरी हंबरत्यात, तवा त्या येळ चुकवत न्हाईत."

तिघं टेकाडावर धावली. वरच्या पायवाटेवर गाई निवांत खाली उतरत होत्या. धूळ नुकती उठू लागली होती.

"मुहूर्त यायचाय अजून!" ज्ञानू तिथूनच ओरडला.

खाली बैल सोडले गेले. भटजी पाटावर बसले. एवढ्यात बिरूच्या ध्यानात आलं की मामांनी मांडव नेमका गाईंच्या वाटेवर घातला आहे.

"वळवाव्या का?" ज्ञानूने विचारलं.

"नगं. बिथरल्या तर परत रानात जातील," बिरू म्हणाला.

"मग मांडव दोन्हीकडून उघडा," साळू म्हणाली.

मागची कनात सोडली. पाहुणे दोन्ही बाजूंना सरकले. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि गाई एकामागून एक वऱ्हाडी असल्यासारख्या मधून चालू लागल्या. एकीने जाता जाता आंब्याचं तोरण खाल्लं. दुसरी अंतरपाटापाशी थांबली, नवरदेवाचा हात हुंगला, पसंत पडला असावा, पुढे गेली. भटजींनी धुळीत खोकत "सावधान" म्हटलं, अंतरपाट दूर झाला आणि अक्षता गाईंच्या पाठीवरही पडल्या.

वाजंत्री सुरू झाली तशी फुला हसली. कुंडलिकांनी फेटा शेवटचा बांधला आणि खांबाला टेकून डोळे मिटले.

मानसिंगांनी तिन्ही पोरांना आपल्या शेजारी पंगतीला बसवलं आणि वाढप्याला सांगितलं की आधी यांच्या पानात लाडू, मग माझ्या.

"पोरी, आमी समदे वरडत हुतो. तू कशी न्हाई घाबरलीस?"

"घाबरले हुते की," साळू म्हणाली. "पर वरडायला जागाच न्हवती."