सर्वो नको म्हणताना

हवेची नळी सटकली आणि शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या त्या अनोळखी माणसाचा पांढरा शर्ट पार गुलाबी होऊन गेला! बियाण्याला लावलेल्या औषधाची भुकटी… सगळी त्याच्याच अंगावर.

"होळीच झाली म्हणायची," तो डोळे चोळत म्हणाला. "मी सुग्रीव. सर्वो मोटरवाला."

दैवशालाला हसू आवरेना. जालन्याच्या एमआयडीसीतल्या या बियाण्याच्या कारखान्यात मशीनची जबाबदारी तिची होती. पाकिटं सील करणारा जबडा हवेच्या दाबावर उघडझाप करायचा, आणि हल्ली सील कच्चं बसत होतं. हवेऐवजी विजेवर चालणारा सर्वो बसवायचा का, हे तिनं ठरवायचं होतं. मालक अप्पाराव तिच्या शब्दावर डोळे मिटून सही करणार होते.

सुग्रीव मग येतच राहिला. कधी माप घ्यायला, कधी नुसताच.

"सर्वोचं कसं, सांगितलं तेवढंच हलणार, सांगितलं तिथंच थांबणार."

"अन् सर्वोवाला?"

"त्याला कुठं कोणी थांब म्हणून राह्यलं…"

तिनं हातातला पाना उगाचच दुसऱ्या हातात घेतला. कान मात्र तापले होते. त्या रविवारी तीर्थपुरीला घरी गेली, तर आई एक विचारायची आणि ही भलतंच उत्तर द्यायची.

निर्णयाच्या दिवशी सकाळी तिला हवेच्या टाकीमागून बारीक सुस्कारा ऐकू आला. जोडातून हवा गळत होती! तिनं जोड बदलला. दाब टिकला. पाकीट दोन्ही हातांनी ओढलं तरी सील उकलेना.

आनंद व्हायला हवा होता. पण तिची नजर गेटकडे गेली. जबड्याला नुसतं उघडायचं आणि मिटायचं. त्याला हवा पुरते. सर्वो नको, म्हणजे सुग्रीवही येणार नाही… गप्प बसलं तर? ती गेटपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. अप्पाराव डोळे मिटून सही करतील हे आठवलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

सुग्रीव आला तसं तिनं एका दमात सांगून टाकलं, "जोड गळत होता. आता सील पक्कं बसून राह्यलं. सर्वो नको."

त्यानं वाकून टाकीमागचा नवा जोड बघितला. "मला पहिल्याच दिवशी शंका आल्ती… आवाज ऐकला होता मी."

"मंग बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो तर परत कसा आलो असतो?"

तिच्या मनात काहीतरी लकाकलं, आणि त्याच क्षणी रागही आला. "अन् इथं पोत्यानं पाकिटं वाया गेली! जा, हेच अप्पारावांना सांगा. आत्ताच्या आत्ता."

तो खरंच गेला. काचेपलीकडे अप्पारावांचे हातवारे दिसत होते, आणि सुग्रीवची खाली गेलेली मान. दैवशालाचा जीव नुसता वरखाली होत होता.

तो बाहेर आला तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. "मशीनच्या कामाला परत पाय ठेवू नको म्हणले."

"मशीनच्याच ना?" ती हळूच म्हणाली. "मंग रविवारी तीर्थपुरीला या. आमच्या घरी."

"तुमच्या घरी…? अन् हा कोण म्हणून सांगणार?"

आल्यावर बघू, असं म्हणणं सोपं होतं. पण आता तिला ती तगमग सोसवेना.

"हा मला आवडतो," ती सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "असं सांगणार."