इथली उंची मोजलेली नाही

रोह्याच्या आमच्या घरी जेवणं झाली की काका गच्चीवर येतात. काका म्हणजे माझे चुलत सासरे मोरोपंत, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. लग्नाला दोनच महिने झालेत, त्यामुळे मला अजून खुर्ची मिळते. नवरा अद्वय आणि नणंद आसावरी चटईवर.

"तुमच्या त्या कॉम्प्युटरची एक गोष्ट आहे," परवा काका अद्वयला म्हणाले. "पेणच्या निकेशची. त्याच्याच तोंडून ऐकलीय, तेव्हा मध्ये शहाणपणा नको."

"मी कुठे काय बोललो?"

"बोलशील."

निकेश पेणला एका खासगी नकाशा-ऑफिसात होता. दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान. खाडीकाठच्या गावांचा नकाशा करायचं काम आलं होतं. उधाणाच्या भरतीला जी जमीन बुडेल ती निळी दाखवायची. निळ्या जमिनीचा बांध सरकार दुरुस्त करणार नव्हतं. खाडीच ती, खाडीला बांध कशाला?

"मृणाली, तू पेणची, तुला सांगायला नको," काका म्हणाले. "बांध गेला की खारं पाणी शेतात. मग गाव संपलं."

उंचीचा हिशेब करणारा जुना प्रोग्राम हिरामणने लिहिलेला. तो त्याच ऑफिसातला, आणि नकाशातल्याच एका गावचा. गावाचं नाव काका सांगत नाहीत. त्या गावात बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड, तर घरटी एक माणूस रात्री चिखल घेऊन धावतो. ऑफिसात असो, कंपनीत शिफ्टला असो. हिरामण तसाच गेला. चिखल टाकताना पायाखालचा बांधच सरकला आणि तो पाण्यात गेला, तो कायमचाच.

त्याच्या प्रोग्रामला एक खोड होती. जिथे मोजायला कोणी गेलेलंच नाही, ती जागा तो रिकामी ठेवायचा आणि पडद्यावर खिडकी उघडून विचारायचा : इथली उंची मोजलेली नाही. कोणी जाऊन आलं का? 'नाही' दाबलं तर काम पुढे सरकतच नसे. सगळे वैतागायचे.

मग नवं नकाशा-सॉफ्टवेअर आलं. त्याची भाषा पायथन, हिरामणची जुनी बेसिक. दोघांना बोलतं करायला निकेशने मध्ये एक दुवा लिहिला. त्या दुव्यातून जाताना जुन्यातली रिकामी जागा नव्यात शून्य होऊन निघायची. आणि ती विचारणारी खिडकी नव्यात उघडतच नसे.

"नलचा, म्हणजे रिकाम्याचा, झीरो झाला," अद्वय म्हणाला. "तपासायचं ना आधी, एवढं साधं..."

"बोललास."

शून्य म्हणजे समुद्राची पातळी. हिरामणच्या गावात मोजणीदार गेलेच नव्हते. चिखलातून कोण जातो? अख्खं गाव शून्य. अख्खं गाव निळं.

निकेशच्या ते लक्षात आलं शुक्रवारी रात्री. नऊ फेब्रुवारी, दोन हजार चोवीस. पौष अमावास्या. पहाटेपर्यंत नकाशा ऑनलाइन पाठवायचा होता. संध्याकाळीच हिरामणची आई ठमाबाई जिना चढून विचारून गेली होती.

"बाला, आमचा गाव हाय ना नकाशान?"

"हाय मावशे. जा तू."

दुवा दुरुस्त करायला आठवडा लागला असता. गावात माणूस पाठवायला त्याहून जास्त. निकेशने नकाशा तसाच पाठवायचं ठरवलं. बटण दाबलं.

खिडकी उघडली. नव्यात उघडत नसलेली.

कोणी जाऊन आलं का?

त्याने बंद केली. पुन्हा आली. दुवाच काढून टाकला. पुन्हा आली.

त्याने 'हो' दाबलं.

आसावरी सरकत सरकत माझ्या खुर्चीला टेकली होती.

नकाशा गेला. आणि निळ्यात एक ठिपका उमटला. शेजारी उंचीचा आकडा. मग आणखी एक. कोणी चालत, थांबत, मोजत असावं तसे. घरांमधून. देवळामागून. शून्य एकही नाही. गाव भरतीच्या चांगलं वर होतं. मग ठिपके बांधावर चढले.

बांध संपला. ठिपके थांबले नाहीत...

डांबरी रस्ता. हायवे. पेणचा नाका. ऑफिसची गल्ली.

"काका, पुरे ना," आसावरी म्हणाली.

झेरॉक्सच्या दुकानापाशी एक ठिपका. मग दुसरा, त्याच जागी. उंची थोडी जास्त. मग त्याच जागी अजून एक...

"म्हणजे?" मी विचारलं.

"जिना," अद्वय हळूच म्हणाला.

निकेशने दाराकडे पाहिलं नाही. शेवटचा ठिपका खोलीत उमटला. त्याच्या मागे.

ओल्या चिखलाचा वास. आणि कोणीतरी उभं. काम करून आलेला माणूस साहेबाने वर बघायची वाट बघतो, तसं...

उजाडेपर्यंत निकेश वळला नाही.

उंच्या फाइलीत होत्या. सगळ्या. सोमवारी तो त्या घेऊन सरकारी कचेरीत धावला. साहेबांनी एकच विचारलं, "मोजणी कोणी केली? सही कुठाय त्याची?" निकेशला नाव ठाऊक होतं. सांगण्यासारखं नव्हतं. नकाशा निळाच राहिला. त्या पावसाळ्यात बांध फुटला, सरकारी माती आली नाही. ठमाबाई आता हमरापूरला मूर्तींच्या कारखान्यात गणपतींना रंग देते.

"ती त्याला काही बोलली नाही?" मी विचारलं.

"भेटली होती बाजारात. म्हणाली, तुजी काय चूक बाला, मशीनचा काय भरोसा." काकांनी सुपारी तोंडात टाकली. "त्याने हो म्हटलं. त्या खिडकीनंतर दुसऱ्यांदा."

अद्वयने मशीनची बाजू घेतली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

निकेशने नोकरी सोडली. त्या खोलीत आता शिकवणी चालते. बाई रोज फरशी पुसते. सगळी खोली नीट वाळते. फक्त निकेशची खुर्ची असायची तिच्यामागे, एक माणूस उभा राहील एवढ्या जागेत, वाळता वाळता मीठ फुटतं. पांढरं, खडेमीठ.

दुसऱ्या मजल्यावर.