वाहून आलेली कळ

वेदनावाहक यंत्राचे भाग दोनच: बाळाच्या पोटावर ठेवायची रुपयाएवढी चकती आणि मोठ्या माणसाने कमरेला बांधायचा पट्टा. जळगावच्या बालशल्य विभागात ते आल्यापासून डॉ. मृण्मयी आगटे त्याच्याकडे, सासूने नव्या सुनेकडे बघावं, तशा बघत होत्या.

"चकती पोटातल्या मज्जातंतूंचा संदेश टिपते, कपड्यावरूनसुद्धा," यंत्र बनवणारे फिरोज तडवी सांगत होते. "पट्टा तोच संदेश बांधणाऱ्याच्या पोटात उमटवतो. बाळ बोलत नाही, पण आई बोलेल."

"आई बोलेल? तुमच्या घरी बोलते का हो?"

तडवींनी हसत नोंदवही उघडली.

समोर चंदा उभी होती. कमरेला पट्टा, कडेवर चकती लावलेली आठ महिन्यांची लेक जुई. सकाळपासून पोर मध्येच किंचाळायची, पाय पोटाशी घ्यायची, मग निपचित व्हायची. आताच तिने हिरवीगार उलटी केली होती.

"किती दुखतंय गं, चंदा?"

"आहे थोडं. चालतंय, ताई."

तडवींनी 'सौम्य' अशी नोंद केली.

हिरवी उलटी आणि सौम्य? मृण्मयींच्या मनाला पटेना. त्यांनी पट्टा सोडवून स्वतःला बांधला आणि टेबलाची कड धरता धरता मटकन खाली बसल्या. हे पोटात घेऊन ही बाई उभी होती!

मग कळ एकदम थांबली.

"बघा, गेली!" तडवी खूश झाले.

मृण्मयी पुढच्या कळेची वाट बघत राहिल्या. ती आलीच नाही. जुईचे डोळे अर्धे उघडे होते. हाकेला ते वळेनात.

"तडवी, मज्जातंतूच मेला तर तुमची चकती काय सांगते?"

"काहीच नाही," म्हणता म्हणता तडवींचा चेहरा उतरला.

"आतड्यात आतडं शिरलंय आणि त्याचा रक्तपुरवठा तुटलाय. थिएटर तयार करा!"

सिस्टरने जुईचं झबलं, करदोटा, चकती, सगळं कुंचीत गुंडाळून चंदाच्या हातात कोंबलं. घाईत पट्टा मृण्मयींच्या गाऊनखाली तसाच राहिला.

काळं पडलेलं आतडं त्यांनी कापून काढलं. निरोगी टोकं जोडायला घेतली, तेव्हा ओटीपोटात काहीतरी हललं. कळ होती. मघाची नव्हे, खोल, जुनी, दबा धरून बसलेली.

त्यांचा हात थांबला. भुलीतल्या पोरीला दुखत नसतं. चकती तिच्या अंगावर नव्हती. मग या खोलीत दुखतंय कोणाला?

"नाडी छान आहे," भूलतज्ज्ञ म्हणाले. "काय झालं?"

"काही नाही." त्या टाके घालत राहिल्या. प्रत्येक टाक्याबरोबर ते अदृश्य कोणीतरी आतून पिळत होतं.

बाहेर बाकावर चंदा कुंचीचं गाठोडं ओटीपोटाशी घट्ट दाबून बसली होती.

"वाचली गं तुझी जुई."

चंदाने गाठोडं बाकावर ठेवलं आणि हात जोडले. त्याच क्षणी मृण्मयींच्या पोटातली कळ नाहीशी झाली. चंदाने डोळे पुसून गाठोडं पुन्हा पोटाशी घेतलं. कळ परतली तशी मृण्मयींनी भिंत धरली.

"चंदा, कधीपासून दुखतंय तुला?"

"मला?" चंदा गोंधळून इकडेतिकडे बघू लागली. "मला कुठे काय, ताई?"