पाठमोरी माणसं

स्नेहलच्या लग्नाला महिना राहिला होता. त्या शनिवारी आम्ही दोघी आधी पनवेलच्या बाजारात गेलो, फॉल-पिकोला टाकलेल्या तिच्या साड्या घेतल्या आणि तशाच गोवा हायवेला लागलो. कर्नाळ्याच्या अलीकडे एक मोठं पार्क झालं आहे. उतरतं हिरवं मैदान, खाली स्टेज, वरच्या अंगाला तंबू. संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम, रात्री तंबूत मुक्काम, सकाळी पोहे खाऊन परत. तिकिटं स्नेहलनेच काढली होती. सासरी गेल्यावर दोघींनाच असं कुठे जायला मिळणार, असं तिचं म्हणणं.

मी चारुता, तिची मोठी बहीण. शाळेत चित्रकला शिकवते. आई गेली तेव्हा स्नेहल पाचवीत होती. बाबा त्यानंतर घरात असून नसल्यासारखे झाले. तिच्या वेण्या, डबे, तिची आजारपणं, सगळं माझ्याकडे आलं. ती मला ताईच म्हणते, पण लहानपणी झोपेत बडबडताना आई म्हणायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

पार्क ज्यांच्या जमिनीवर आहे त्यांचा मुलगा दीपेश गेटवर होता. तिशीचा, बोलका. त्याने आम्हाला तंबू दाखवला, चहा कुठे मिळेल ते सांगितलं. इथे पूर्वी त्याच्या आजोबांची वीटभट्टी होती म्हणाला. मातीसाठी खणलेला खड्डा मैदानाच्या उजव्या कडेला होता. त्यात पाणी साठून आता तळं झालं होतं. तळ्याच्या अलीकडे दोरी बांधली होती. तिकडे गवत नीट नाही, पाय घसरतो, एवढंच तो म्हणाला.

ऊन उतरेपर्यंत छान गेलं. स्नेहलने फोटो काढले, अविनाशला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला, पाठवले. आम्ही चटई टाकून बसलो. माणसं जमत होती. आणि सूर्य डोंगराआड जायला लागला तेव्हा मला ती माणसं दिसली.

दोरीपलीकडे, तळ्याच्या काठावर काही माणसं ओळीने बसली होती. बाया, पुरुष, एक वाकलेली म्हातारी. उकिडवी, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. आमच्याकडे पाठ, स्टेजकडे पाठ, तोंडं पाण्याकडे. कामावरची माणसं टेकली असतील असं वाटलं. माझी सवय, मनातल्या मनात मी त्या पाठींची रेषा काढायला लागले. पण रेषा हलेना. एवढ्यात स्टेजवर कुणीतरी स्पीकर तपासायला सुरुवात केली आणि असा दणका बसला की झाडावरचे बगळे उठले, शेजारचं तान्हं बाळ रडायला लागलं. त्या ओळीतली एकही मान वळली नाही. एकही खांदा दचकला नाही.

"कुणाची वाट बघतायत गं ही?" स्नेहल म्हणाली.

वाट. मला ते सुचलं नव्हतं. पण तिने म्हटल्यावर कळलं, ती माणसं दुसरं काही करत असणं शक्यच नव्हतं.

मी तिला चटईवर सोडून दीपेशला गाठलं. तो चहाच्या टपरीपाशी उभा होता. काठावर कोण बसलंय असं विचारलं, तेव्हा त्याने तिकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगू लागला. तो शाळेत असताना भट्टीवर डोंगरपट्टीतली कुटुंबं कामाला असायची. झोपड्या काठावरच. एकदा संध्याकाळी खड्ड्याची कड तुटली आणि खाली माती काढणारी माणसं गाडली गेली; वरून झऱ्याचं पाणी आलं. यंत्र यायला दोन दिवस लागले. तोवर वरची माणसं काठावर बसून होती.

"म्हणजे ही... गेलेली माणसं?" मी विचारलं.

"नाय ताई. गेले ते खाली होते. त्यांना काढलं, माती दिली. ही वरची. नंतर गेली आपापल्या गावाला. त्यातली बरीच जिवंत हायत अजून. पन त्यांचं इथलं बसनं काय उठलं नाय."

मग त्याने विचारलं, एकट्या तुमालाच दिसली, का तुमच्या बहिणीला पन? मी म्हटलं, तिनेच विचारलं, वाट कुणाची बघतायत म्हणून. त्याचा चेहरा उतरला. "तिला एकटीला नका सोडू," तो म्हणाला.

मी धावतच परत आले. चटईवर साड्यांची पिशवी होती. स्नेहल नव्हती.

तेवढ्यात कार्यक्रम सुरू झाला. मैदानातले दिवे विझले, स्टेज उजळलं, लोक उठून उभे राहिले. मी तिला हाका मारत माणसांमधून वाट काढत होते आणि माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. स्टेजवरचा झोत फिरत फिरत तळ्यावर गेला. ओळ तशीच होती. म्हातारीच्या शेजारी मात्र एक पाठ नवी होती. तिच्या अंगात पिवळा कुर्ता होता. तो मीच घेतला होता, स्नेहलच्या वाढदिवसाला.

मी दोरी ओलांडली आणि गाणं बंद झालं. म्हणजे मागे वळून पाहिलं तर गायक गातच होता, माणसं हात उंचावून नाचत होती. आवाज तेवढा येत नव्हता. इथे ओल्या चिखलाचा वास होता आणि भट्टीतल्या जळक्या तुसाचा. आणि एक अगदी बारीक आवाज... खूप माणसांनी श्वास रोखून धरावा आणि मग हळूहळू सोडावा, तसा. मी कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही, हे कुणी सांगावं लागलं नाही. पाण्याकडेही पाहिलं नाही. नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती वळली. मी तिला चटईवर सोडून गेले त्याला चहा निवण्याइतकासुद्धा वेळ झाला नव्हता. पण तिचा चेहरा दिवसचे दिवस रडलेल्या माणसाचा होता. डोळे सुजून मिटत आलेले, ओठ फुटलेले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझे केस चाचपले, बाह्या चाचपल्या, कोरडे आहेत हे तिला पटेना.

"ताई..." घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "तू कधी वर आलीस?"

मी तिला ओढत आणलं. दीपेश दोरीपाशी उभा होता. त्याने दोरी ओलांडली नाही, पण हात पुढे केला. दोरीच्या अलीकडे पाय पडताच गाणं कानांवर आदळलं. त्याने गाडीपर्यंत सोडलं. गाडीत बसताना मी त्याला विचारलं, तिला का? "ज्याचं कोन खाली नाय त्याला ती जागा देत नायत," तो म्हणाला आणि बाहेरून गाडीचं दार लावलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. स्नेहल हसली, नटली, सगळं केलं. नंतर ती उलव्याला राहायला गेली. दिवसभर बरी असायची. तिन्हीसांजेला मात्र जमिनीवर उकिडवी बसायची, भिंतीकडे तोंड करून. अविनाशने हाक मारली तर हात वर करायची, थांब म्हणून. डॉक्टर झाले, औषधं झाली. मी समोर गेले की ती माझ्याकडे हार घातलेल्या फोटोकडे बघावं तशी बघायची. बोलायची, पण मला उद्देशून नाही. मी किती वेळा तिचा हात धरून म्हटलं असेल, अगं मी आहे. ती मान डोलवायची आणि डोळे पुसायची.

गेल्या रविवारी अविनाशचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. ती बरी झाली म्हणाला. आदल्या संध्याकाळी बसलीच नाही. उठून स्वयंपाकाला लागली, पोटभर जेवली. जेवायलाच या म्हणाला. निघायच्या घाईत माझ्या अंगातल्या निळ्या कुर्त्याची बाही दारात अडकून उसवली. हाताशी हिरवा दोरा होता, त्यानेच चार टाके घातले आणि निघाले.

स्नेहलने दार उघडलं आणि मला मिठी मारली. तिचा चेहरा शांत होता, पूर्वीचा. वरण-भात, कोलंबी, सगळं तिने केलं होतं. जेवताना ती गप्पा मारत होती. मला रडू येत होतं. वाढता वाढता तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"आता मला कसली काळजी नाही," ती म्हणाली. "काल सापडलीस तू."

अविनाश ताटाकडे बघत राहिला. मी हात धुवायच्या निमित्ताने उठले आणि बाल्कनीत गेले. दुपारचं कडक ऊन होतं. दोरीवर एकच कपडा वाळत घातला होता, निळा कुर्ता. त्यातून तांबडं पाणी ठिबकत होतं, चिखलाचा वास येत होता. मी बाही उलटून पाहिली. हिरव्या दोऱ्याचे चार टाके होते.