चाचणी संदेश मिळाला

माझ्या मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

म्हणजे, गेली नाहीत. तसं काही घडलंच नाही. कंपनीच्या अहवालात साफ लिहिलंय, 'काम सुरळीत पार पडले.'

तुम्ही अहवालावर विश्वास ठेवा. मी मात्र तिथे होतो. मंगळवार, सकाळचे साडेअकरा, कडक ऊन. भुतांना अजिबात न शोभणारी वेळ.

मी आणि मामा मोडेम बसवतो. हा मोडेम एका कोल्ड स्टोरेजच्या बाहेरच्या भिंतीवर होता. त्याला काम एकच. आत कोणी अडकलं आणि लाल बटण दाबलं, की ठरलेल्या तीन नंबरांवर मेसेज पाठवायचा.

दीड महिन्यापूर्वी तिथले ऑपरेटरकाका आत अडकले होते. उणे बावीस तापमान. सुट्टीचा दिवस. काकांनी बटण दाबलं, पण मोडेममधलं सिम कधीचं बंद पडलेलं.

मेसेज गेलाच नाही. काकाही परत आले नाहीत.

त्याच्या आधीच्याच आठवड्यात आम्ही तपासणी केली होती. म्हणजे, फॉर्म भरला होता. आमच्या धंद्यात फॉर्म गाडीतच भरतात, चहा पिता पिता. 'चाचणी संदेश मिळाला' यापुढे बरोबरची खूण मी केली. खाली सही मामाने ठोकली.

आता नवं सिम टाकायला आम्हीच गेलो होतो.

पिन खुपसून जुनं सिम बाहेर काढलं...

त्यावर बर्फ होता.

"मामा, हे बघ."

"घाम असेल."

"सिमला?"

"तुला येत नाही, त्याला तरी येऊ दे. सेटिंग बदल मुकाट्याने."

लॅपटॉप जोडला. नव्या नेटवर्कची माहिती भरली. तीन नंबर टाकले. मामाचा, माझा, तिथल्या मॅनेजरबाईंचा. हिरवा दिवा लागला.

लगेच तिघांचेही फोन वाजले.

'आत माणूस आहे. दार उघडा.'

"चाललं की!" मामाने त्याचा फोन माझ्या हातात दिला. "कर खूण."

"पण बटण कोणी दाबलं?"

मॅनेजरबाईंनी दार उघडलं. आत खोकी आणि पांढरी वाफ. माणूस नाही. मामा आत शिरला, बटणापर्यंत गेला आणि वळून हसला.

"काय काका, अजून ड्युटी संपली नाही वाटतं?"

दार बंद झालं.

आपटलं नाही. फ्रीजचं होतं तसं... हळूच.

मी आणि बाई हँडलला लोंबकळलो. हलेना. आतून थापा येत होत्या.

"भाच्या! उघड रे!"

लॅपटॉपवर ओळी उमटल्या. बटण दाबले. संदेश पाठवला. संदेश पोहोचला.

माझा फोन गप्प. बाईंचा गप्प. मामाचा माझ्या हातात, तोही गप्प.

मग आतून आवाज आला...

टिंग.

टिंग.

टिंग.

मी यादी उघडली. तिन्ही जागी एकच नंबर होता.

बाईंनी स्क्रीनवर डोकावून पाहिलं. "अहो, हा तर काकांचा!"

मी नंबर खोडला. परत आला. खोडला. परत आला.

थापा थांबल्या.

चाळीस मिनिटांनी दार आपोआप उघडलं. मामा खोक्यावर बसला होता. बोटं बटणाच्या पत्र्याला चिकटलेली.

दवाखान्यात तो एवढंच बोलला, "काका समोर बसून फॉर्म भरत होते रे. मी ओरडलो की एक खूण करायचे. म्हणाले, सही तुझी ना? मग सहीची बोटं ठेवून जा."

"आणखी काही?"

मामाने माझ्याकडे बघितलं.

"खुणा करणारा कुठाय, विचारत होते."

तेव्हापासून रोज साडेअकराला मला मेसेज येतो. 'आत माणूस आहे.' मी फोन बदलला. सिम बदललं. नंबर बदलला. घरातला फ्रीजही बंद करून ठेवलाय. आई म्हणते, दूध नासतंय. नासू दे.

शेवटी रीतसर अर्ज केलाय. बंद दाराला चिकटवून आलो.

प्रति, ऑपरेटरकाका, कोल्ड स्टोरेज, आतली खोली. विषय: यादीतून नाव वगळण्याबाबत. महोदय, अर्जदाराने केवळ खूण केली असून सही केलेली नाही. तरी अर्जदाराचे प्रकरण कायमचे बंद करून तशी लेखी पोच द्यावी. पोच कृपया मेसेजने पाठवू नये, ही नम्र विनंती.