ढकलडंख

२०५८ सालच्या नागपूरला भाजी पुरवणाऱ्या शेतीवस्तीत बेचाळीस घरं होती. इमारतींमधल्या प्रत्येक मोकळ्या जागेत पालक नाहीतर मेथी, आणि कडेला पाण्याच्या उघड्या टाक्या. टाक्या म्हणजे हिवतापाचे डास आलेच. पण नवी कॉइल आल्यापासून एक्केचाळीस घरांत वर्षभर कुणाला ताप आला नव्हता.

बेचाळिसावं घर तुळसाबाई मडावींचं. त्यांना दमा होता, धूर सोसत नसे. वर्षात तीनदा हिवतापाने पाडल्यावर त्यांनी भंडाऱ्याला भावाकडे जायचं ठरवलं.

घरोघर कॉइल जळत असताना एकाच घरात एवढे डास येतात कुठून, हे शेजारच्या रत्नमाला उईकेला कळेना. तिने कीटकतज्ज्ञ डॉ. खोब्रागडेंना बोलावलं. त्यांनी टाक्यांवरच्या डासांवर निळी पूड उडवली, आठवडाभर घराघरांत सापळे लावले, आणि एका सकाळी तिच्या ओट्यावर बसून सांगितलं,

"ही कॉइल डास मारत नाही, फक्त हुसकावते. दारातून परतलेला डास उपाशीच असतो, तो पुढचं दार बघतो. याला आम्ही ढकलडंख म्हणतो. एका घराने टाळलेला डंख दुसऱ्या घराला बसतो. निळे डास फक्त तुळसाबाईंकडे सापडले."

"आणि त्या गेल्या तर?"

"मग धूर सगळ्यात कमी असेल त्या घरात डास जातील."

रत्नमालाची सून निर्मला सहा महिन्यांची गरोदर होती.

डॉक्टरांनी उपायही सांगितला. टाक्या उपसून कोरड्या होईपर्यंत, महिनाभर, सगळ्यांनीच कॉइल विझवायची. ताप थोडाथोडा वाटला जाईल, पण एकट्या माणसाचा जीव जाणार नाही. वस्तीने ऐकून घेतलं, पण कॉइल कुणीच विझवली नाही. दुपारी सगळे डबे आणि औषधं घेऊन तुळसाबाईंकडे गेले, आम्ही तुमचं सगळं करू पण जाऊ नका, म्हणून विनवू लागले. रत्नमालाही त्यांत होती.

तुळसाबाईंनी तिच्याकडेच पाहिलं. "औषध आणलंस. माझ्यासाठी कॉइल विझवशील का, पोरी?"

रत्नमालाने औषधाची पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि ती मागे सरली. तुळसाबाई संध्याकाळच्या गाडीने गेल्या.

त्यानंतर वस्तीत चौकशा सुरू झाल्या. कोण खोकतं, कुणाला धूर सोसत नाही, सगळं अगदी आपुलकीने. चौथ्या दिवशी जुड्या बांधताना निर्मलाला ठसका लागला आणि थांबेना. वाफ्यापलीकडे वाकलेल्या तिघी सरळ झाल्या.

"धूळ गेली घशात," रत्नमाला मोठ्याने म्हणाली, आणि सुनेला दंडाला धरून धुराने भरलेल्या घरात घेऊन गेली.