सर्कलमधला सांगलीकर

"अरे, सोड त्याला! सोड! एकट्यानं धरायचं असतं इथं!"

निशिगंधा रणदिवे ओरडली आणि मैदानातला एक सावळा मुलगा जागच्या जागी थिजला. बलकार सिंगनं धरलेल्या चढाईवाल्याच्या घोट्याला तो चांगला मिठी मारून बसला होता. त्यानं मान वर केली आणि तोंड उघडं ठेवून प्रेक्षकांत बघायला लागला. मराठी? चंदीगडात? तेवढ्यात शिट्टी वाजली, गुण समोरच्या कॉलेजला गेला आणि कप्तान बलकारनं दोन्ही हात आभाळाकडे करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मुलगा मात्र अजून गर्दीतच बघत होता.

साल सत्त्याऐंशी, महिना नोव्हेंबर. दोष त्या मुलाचा होता आणि नव्हताही. आपल्याकडे चढाईवाला आला की सात जण साखळी करून त्याच्यावर तुटून पडतात. एकानं पाय धरला की दुसऱ्यानं कंबर धरायची, हेच तर शिकवतात. पंजाबात कबड्डी गोल मैदानात खेळतात, तिला सर्कल कबड्डी म्हणतात, आणि तिथं चढाईवाला ज्याला शिवला त्यानंच त्याला अडवायचं. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. मदतीला धावलात की गुण गेला. निशिगंधाला हे आठव्या वर्षापासून ठाऊक होतं, कारण तिच्या बाबांची एअर फोर्समधली ही चंदीगडची दुसरी पोस्टिंग होती आणि पहिल्या पोस्टिंगमध्ये शेजारच्या मनीमाजरा गावच्या दूधवाल्यानं तिला खांद्यावर बसवून गावचे सामने दाखवले होते. तेव्हापासून ही बया खेळाची वेडी. स्वतः कधी धड दोरीवरच्या उड्यासुद्धा मारल्या नाहीत, पण कॉलेजची एक मॅच चुकवेल तर शपथ!

सरावाची ती मॅच संपली. ती शेंगा खात पायऱ्यांवर बसली होती. मुलगा गुडघ्यावरची माती झटकत समोर येऊन उभा राहिला.

"मघाशी तुम्हीच ओरडलात ना?"

"नाही. भूत ओरडलं."

"भूत पुण्याचं दिसतंय."

"भूत एअर फोर्सचं आहे. त्याला गावच नाही." तिनं शेंगांचा पुडा पुढे केला. "तू कुठला? आणि तुला टीममध्ये घेतलं कुणी, यार?"

"जयंत खराडे. तासगाव, जिल्हा सांगली." त्यानं दोनच शेंगा उचलल्या. "खेळाच्या कोट्यातनं आलोय. सरांनी विचारलं, कबड्डी? मी म्हटलं, कबड्डी. त्यांना वाटलं ही, मला वाटलं ती."

निशिगंधा इतकी हसली की शेंगदाणा घशात अडकला. त्यानं घाबरून तिच्या पाठीवर थोपटायला हात उचलला, मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन तसाच मागे घेतला. तो अर्धवट उचललेला हात तिला घरी गेल्यावरही आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती सरावाला गेली. म्हणजे बघायला. संध्याकाळचा सराव त्या काळात अतिरेक्यांच्या धास्तीनं बंदच होता. अंधार पडायच्या आत सगळ्यांना घरी पोचायचं असायचं. चौकाचौकात वाळूची पोती, नाक्यावर पोलीस बस थांबवून डबे उघडून बघायचे. त्याचं कुणाला आता नवलही वाटत नव्हतं. दुपारच्या सुट्टीत जेवढं ऊन मिळेल तेवढ्यात टीम खेळून घ्यायची.

जयंतचं अंग लवचीक, पकड जबरदस्त. पण दुसऱ्या कुणी चढाईवाल्याला धरलं की याचे पाय आपोआप धावायचे. बलकार ओरडायचा, हा जीभ चावायचा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच!

"मुद्दाम करतो का मी?" तो कळवळून तिला म्हणाला. "एकटा माणूस झुंजतोय आणि आपण बघत उभं राहायचं? आमच्याकडं याला षंढपणा म्हणतात."

"आमच्याकडे याला नियम म्हणतात. हात रिकामे आहेत ना, म्हणून धावतात. त्यांना काम दे."

"काय काम?"

"कान पकड."

"आं?"

"दुसऱ्याची पाळी असेल तेव्हा स्वतःचे दोन्ही कान धरून उभा राहा. सोडलेस तर उद्यापासून मी येणार नाही. पक्का."

तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "धमकी जरा मोठी आहे..."

आणि खरंच त्यानं कान पकडले! पहिल्या दिवशी अख्खी टीम लोळून हसली. त्यानं तिकडे लक्षच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पकडले, तिसऱ्या दिवशी पकडले. कोपरं सोलवटली, ओठ फुटला, तरी पोरगं दुपारी बारा वाजता मैदानात हजर. निशिगंधाला वाटायचं, चाहत्याचं काम सोपं असतं. बसायचं, ओरडायचं, घरी जायचं. आता लक्षात आलं की तसं काही नसतं. समोरचा दहादा पडताना बघायचा आणि अकराव्यांदाही 'शाबास' म्हणायला तोंड उघडायचं, यालाही चिकाटी लागते.

जयंतच्या घरचा प्रकार वेगळाच होता. त्याचे वडील, आबा, रोज पेपरात पंजाबच्या बातम्या वाचायचे आणि आठवड्याला ट्रंक कॉल लावायचे. चंदीगडात शिकायची हौस पुरे, घरी ये, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तोडगा निघाला. इंटर-कॉलेज स्पर्धेत टीम जोवर टिकून आहे तोवर थांबायचं. टीम हरली की पिशवी उचलायची आणि सांगलीच्या कॉलेजात नाव घालायचं.

"म्हणजे एक मॅच हरली की तू गेलास?" निशिगंधानं विचारलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"असंच ठरलंय."

"मग हरायचं नाही. त्यात काय!" ती हसत म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिला डबा गेला नाही.

पहिली मॅच जिंकली. कान पकडून उभ्या असलेल्या सांगलीकराला बघायला दुसऱ्या सेक्टरांतून पोरं यायला लागली. दुसरीही जिंकली. प्रत्येक मॅच म्हणजे आणखी दहा-बारा दिवस. त्या दिवसांत ती दोघं कँटीनमागच्या कट्ट्यावर बसून काय बोलायची, विचारू नका. तो तिला सांगलीची मराठी शिकवायचा, ती त्याला पंजाबी शिव्या. एकदा तिच्या केसांवर कोवळ्या उन्हाचा कवडसा पडला तेव्हा तो बोलता बोलता गप्पच झाला.

"काय झालं?"

"काही नाही... आता मी कान पकडायला पाहिजेत का, असा विचार करतोय."

"पकड," ती लाल होत म्हणाली. "अजून तुझी पाळी आली नाही."

डिसेंबरात एके दिवशी गावाबाहेर बसवर गोळीबार झाला. शहर बंद, कॉलेज बंद, फोन लागेनात. निशिगंधा घरात येरझाऱ्या घालत राहिली. एवढ्या भानगडीत आबांनी त्याला बोलावून घेतलं असेल, तो निरोपही न घेता गाडीत बसला असेल... कॉलेज उघडलं तेव्हा बारीक पावसात ती थेट मैदानावर गेली. जयंत एकटाच चिखलात बैठका मारत होता.

"तू गेला नाहीस?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

"तुला न सांगता?" तो ओला, धापा टाकत उभा राहिला. "एवढा वाईट वाटतो का मी?"

तिला त्याला ठोसा मारावासा वाटला आणि मिठीही मारावीशी वाटली. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. स्वतःची छत्री त्याच्या हातात कोंबली आणि भिजत वर्गात निघून गेली. त्या घटकेला मात्र तिला स्वच्छ कळलं की आपण या मुलावर प्रेम करतो. हा गेला तर आपलं काही खरं नाही.

उपांत्य सामन्याच्या दिवशी ती नेहमीच्या पायरीवर बसली, तर शेजारी पांढरी टोपी, धोतर, मांडीवर कापडी पिशवी घेतलेले एक गृहस्थ. चंदीगडच्या त्या मैदानात ही टोपी कुणाची असणार, हे कळायला निशिगंधाला ज्योतिषी नको होता.

सामना सुरू झाला. बलकारनं एकाला धरलं आणि गृहस्थ उठून उभे राहिले. "आरं जयंता, बघतोस काय! जा की मदतीला! आणि कान काय धरलाईस, मास्तरनं शिक्षा केलीय काय?"

"आबा, बसा. मदत केली की गुण जातो," ती म्हणाली.

मुरलीधर खराड्यांनी चमकून तिच्याकडे बघितलं. "मराठी दिसतीस. कुणाची गं तू?"

"रणदिव्यांची. मी... टीमची फॅन आहे." आणि मग तिनं त्यांना सगळा खेळ समजावून सांगितला. आबा स्वतः तरुणपणी तालुक्याला गाजलेले खेळाडू. पाच मिनिटांत त्यांना नियम कळला, दहा मिनिटांत पटलाही. तरी पिशवीवरचा हात हलला नाही. "गाडीची तिकिटं काढलीत दोन. हरली की निघायचं."

"आणि जिंकली तर?"

"तर पुढल्या खेपेला हरंल की. पोरी, त्याची आई रोज पेपर वाचून जेवत न्हाई."

"इथंही माणसंच राहतात, आबा," ती कशीबशी म्हणाली. "भाजी आणतात, परीक्षा देतात. माझी आईही रोज घाबरते. पण रोज डबा भरून देते."

आबा पुन्हा मैदानाकडे बघायला लागले.

शेवटची चढाई आली तेव्हा गुण बरोबरीत होते. समोरून रेड्यासारखा एक गडी आला आणि नेमका जयंतला शिवला. जयंतनं त्याची कंबर धरली. गडी ओढतोय, हा फरफटतोय, मातीचा धुरळा उडतोय. आबा ओरडतायत, निशिगंधा ओरडतेय. गुडघा फुटला तरी त्यानं पकड सोडली नाही. पण गडी त्याच्यासकट मधल्या रेषेवर कोसळला आणि गड्याचा हात पलीकडे पोचला. शिट्टी. हरले.

निशिगंधाचा आवाज बसला तो बसलाच. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

जयंत लंगडत आला. दोघांना शेजारी शेजारी बघून त्याला घाम फुटला, एवढ्या झुंजीत फुटला नव्हता तेवढा.

"चल," आबा म्हणाले. "ठरलं होतं."

"आबा, पुढच्या वर्षी आमची टीम..."

"पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी."

"बलकार म्हणतो, माझी पकड आता जमायला लागलीय. सरांनीही सांगितलंय की..."

"पकड सांगलीतबी जमती."

जयंतची सांगण्यासारखी सगळी कारणं संपली होती. त्यानं निशिगंधाच्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं आणि मग मान वर केली.

"मला हिच्यासाठी थांबायचंय, आबा. हिच्यावर माझं प्रेम आहे. आजवर हिला बोललो नाही... तुमच्यासमोरच पहिल्यांदा बोलतोय."

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मग तसं सांग की, लेका! मघापासनं टीम आणि पकड काय सांगत बसलाईस?" ते निशिगंधाकडे वळले. "तुझं काय म्हणणं हाय, पोरी?"

बोलायला आवाज होताच कुठे? तिनं जोरजोरात मान हलवली आणि आबांच्या देखत जयंतचा मातीनं भरलेला हात धरला. तो इतका लाजला की तालुक्याच्या त्या जुन्या खेळाडूलाही हसू आवरेना.

"एक तिकीट परत करतो," आबा म्हणाले. "तुझ्या आईची समजूत मी घालतो. पण उन्हाळ्यात घरी यायचं, आणि रोज खुशाली कळवायची. चल, आधी हिला घरी पोचवू. दिवस मावळायला आलाय, एकटी पोर नको जायला."

सेक्टर एकोणतीसमधल्या घराचं दार विंग कमांडर रणदिव्यांनी स्वतः उघडलं. समोर टोपीवाले अनोळखी गृहस्थ, त्यांच्यामागे गुडघा फुटलेला मुलगा आणि त्याच्या शेजारी त्यांची लाडकी लेक, डोळे सुजलेले आणि चेहरा आनंदानं फुललेला.

"मी मुरलीधर खराडे, तासगावचा," आबांनी हात जोडले. "मुलगी पोचवायला आलोय. आणि... जरा बसून बोलायचं होतं."

"कोण आलंय गं?" आतून आईनं विचारलं.

निशिगंधानं होता नव्हता तेवढा जोर लावून फाटक्या आवाजात सांगितलं, "आई, चहा टाक. जयंत आलाय."

"कोण जयंत?" हात पुसत निशिगंधाची आई सुजाताबाई बाहेर आल्या.

बाबा बघत होते, आबा बघत होते, जयंत तर श्वास रोखून बघत होता. हे मात्र मान हलवून भागणार नव्हतं. निशिगंधानं घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली.